कुचिपुडी : गावाचा इतिहास की मोजक्या आडनावांचा?

सातवाहन_वाचक

कुचिपुडी म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नृत्य येते. आंध्र प्रदेशातील कृष्णा जिल्ह्यात, मोव्व मंडलात, पामर्रूहून चल्लपल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याच नावाचे एक भातशेतीचे गाव आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मी सध्या या गावाविषयी मिळेल ते वाचत आहे आणि एका गोष्टीने थोडा अस्वस्थ झालो आहे. जो तो लेख काही आडनावांपासून सुरू होतो आणि त्यांच्यापाशीच संपतो : वेदान्तम, वेंपटी, चिंता, पसुमर्ती, भागवतुल, महंकाळी, हरी, येलेश्वरपु. ही सर्व वैदिकी ब्राह्मण घराणी. गावात त्यांच्याखेरीज शेतकरी होते, कारागीर होते, देवळाचे सेवेकरी होते. त्यांचा उल्लेख एका ओळीचाही नसतो.

जाणकारांपुढे माझे दोन प्रश्न आहेत. विजयनगरपासून सांगितला जाणारा या घराण्यांचा इतिहास कागदपत्रांच्या कसोटीवर कितपत टिकतो? आणि एका गावाची ओळख इतक्या थोड्या घरांच्या हाती कशी गेली?

कृष्णाकाठ

विषय उत्तम निवडला आहे. आरंभ विजयनगरपासूनच करावा लागेल, कारण सर्वांत जुना म्हणून दिला जाणारा दाखला तिथलाच आहे.

कर्नल कॉलिन मॅकेन्झी याने गावोगावच्या ज्या कैफियती (गावाच्या परंपरागत इतिहासाची टिपणे) जमवल्या, त्यांत कडप्पा भागातील माचुपल्ली गावची एक कैफियत आहे. सिद्धवटमचा अधिकारी सम्मेट गुरुवराजू हा वसुलीसाठी स्त्रियांचा अमानुष छळ करीत असे. त्या वाटेने जाणाऱ्या कुचिपुडीच्या भागवतांनी, म्हणजे गावोगाव पौराणिक खेळ करणाऱ्या नटमंडळींनी, ते पाहिले आणि पुढे विजयनगरच्या वीर नरसिंह रायापुढे खेळ करताना त्या छळाचेच सोंग आणले. राजाने चौकशी केली, फौज पाठवली आणि गुरुवराजूला पकडून देहान्त दिला. या प्रसंगाचे साल बहुतेक ठिकाणी 1502 असे दिलेले आढळते.

म्हणजे राजापुढे वर्तमानातील अन्यायाचा खेळ करून दाखवण्याइतकी धिटाई आणि संघटना या मंडळींजवळ तेव्हाच होती, असा त्याचा अर्थ लावला जातो.

जुनीवही

कृष्णाकाठ, साल आणि राजा यांचे जुळत नाही. वीर नरसिंह हा तुळुव घराण्यातला. तो गादीवर आला 1505 मध्ये. 1502 साली सारी सत्ता त्याचे वडील नरस नायक यांच्या हाती होती आणि नावाला साळुव घराण्याचा राजा होता. शिवाय मॅकेन्झीने ही कैफियत जमवली ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभाच्या आगेमागे. तीनशे वर्षांनंतर लिहून घेतलेल्या आठवणीला ‘पहिला ऐतिहासिक पुरावा’ म्हणणे धाडसाचे आहे.

कृष्णाकाठ

सालाविषयीचा आक्षेप मान्य आहे. ते साल मला स्वतःला कधीच पटलेले नाही. परंतु कैफियतीचा उपयोग सालासाठी करायचाच नसतो. कडप्पा भागातील एका गावाच्या आठवणीत तीनशे वर्षांनंतरही कुचिपुडीच्या फिरत्या भागवतांचे नाव राहिले, एवढी गोष्ट तरी शिल्लक राहते. ती लहान नाही.

बोरूबहाद्दर

आमच्या गावच्या कैफियतीत तर एकाच वाड्याचे तीन मूळपुरुष आहेत आणि तिघांनीही तो एकट्यानेच बांधला आहे. त्या मानाने माचुपल्लीकर फारच काटेकोर म्हणायचे.

कावेरीकाठची_सून

कैफियतीच्या पुढचा टप्पा गोवळकोंड्याचा आहे आणि तो मराठी वाचकांना जवळचा वाटेल. शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशाह (कारकीर्द 1672 ते 1687) मछलीपट्टणमकडे गेला असताना त्याने कुचिपुडीच्या ब्राह्मणांचा खेळ पाहिला आणि प्रसन्न होऊन ते गाव त्यांना अग्रहार (ब्राह्मणांना दिलेले इनाम) म्हणून दिले, अशी परंपरा आहे. साल साधारणतः 1678 सांगतात. हा तोच अबुल हसन, ज्याची 1677 साली शिवाजी महाराजांनी भागानगरात भेट घेतली. आणि दरबारात ज्यांचा शब्द चालत असे ते अक्कण्णा-मादण्णा हे बंधूही तेच. महाराज तिथून कृष्णेकाठी जाऊन पुढे श्रीशैलला गेले, हे सर्वांना माहीत आहेच. तेलुगू ब्राह्मण मंत्र्यांच्या हाती कारभार असलेल्या मुसलमान राज्यात एखाद्या ब्राह्मण नटमंडळीला गाव मिळणे त्या काळाच्या रीतीला धरूनच आहे.

जुनीवही

रीतीला धरून आहे हे खरे, पण त्यावरून ते घडलेच असे सिद्ध होत नाही. माझ्या मते खरा पाया 1763 चा मानावा. त्या वर्षीचा एक मालमत्तेच्या वाटणीचा कागद अभ्यासकांनी वापरलेला आहे आणि त्यात गावातील हक्कदार घराणी आडनावांनिशी आलेली आहेत. त्यातली कित्येक आडनावे आजही गावात नांदतात. आडनाव, जमिनीतील वाटा आणि नाचण्याचा अधिकार या तीन गोष्टींची सांगड तिथे दिसते. मूळ प्रश्नातील अस्वस्थतेचे उत्तरही मला तिथेच सापडते. ज्याचा वाटा कागदावर आला, त्याचाच इतिहास पुढे लिहिला गेला; ज्याची कसणूक होती पण हक्क नव्हता, तो कागदाबाहेर राहिला.

सातवाहन_वाचक

ही मांडणी मला पटते. परंतु मग सिद्धेंद्र योगींचे काय करायचे? गावातील सर्व परंपरा त्यांच्यापासून सुरू होते असेच सर्वत्र लिहिलेले असते.

मंजिरी_नृत्य

सिद्धेंद्रांची कथा शिकणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिल्याच वर्षी सांगितली जाते, म्हणून ती मी सांगते. सिद्धेंद्र हे ‘कृष्णलीलातरंगिणी’कार नारायण तीर्थांचे शिष्य मानले जातात. सासुरवाडीला निघाले असता नदीला पूर आला आणि ते बुडू लागले. तेव्हा त्यांनी आपत्संन्यास, म्हणजे प्राणसंकटात घ्यायचा संन्यास, घेतला आणि ते वाचले. घेतलेला संन्यास त्यांनी पुढे पाळला आणि सत्यभामेच्या विरहाचे ‘भामाकलापम’ रचले. ते सादर करण्यासाठी त्यांनी कुचिपुडीतील ब्राह्मण मुलगे निवडले आणि त्यांच्या घराण्यांकडून शपथ घेतली की प्रत्येक मुलाने आयुष्यात एकदा तरी सत्यभामेचे सोंग घ्यावे.

या शपथेमुळे घराणी आणि नृत्य एकमेकांना कायमची बांधली गेली. ते मुलगे घराबाहेर पडून कलावंत झाले असे घडलेले नाही. कुळाचारासारखे ते या कामाला लावले गेले.

सोलापुरी_पैठणी

‘सासुरवाडीला निघाले असता नदीला पूर आला’ हे कारण आजवर अनेक जावयांनी दिले असेल, पण ग्रंथ एकानेच रचला.

जुनीवही

मंजिरीताई, कथा सुरेख सांगितलीत. अलीकडच्या अभ्यासकांपैकी काहींचे म्हणणे असे, की सिद्धेंद्र ही ऐतिहासिक व्यक्ती मानण्याजोगा पुरावा फार तुटपुंजा आहे आणि त्यांचे आजचे भरघोस चरित्र विसाव्या शतकात आकाराला आले. हे लक्षात घेतले म्हणजे त्या शपथेकडेही वेगळ्या नजरेने पाहता येते. एखादा हक्क टिकवायचा असला, की त्याला संताचा आशीर्वाद जोडण्याची पद्धत आपल्याकडेही कमी नाही.

मंजिरी_नृत्य

सिद्धेंद्र झाले की नाही, हा वाद मी अभ्यासकांवर सोपवते. परंतु शपथेचा परिणाम रंगमंचावर दिसतो, तो कागदावर मोजता येणार नाही. जुन्या पद्धतीच्या प्रयोगात सत्यभामा एकदम पुढे येत नाही. दोन माणसे पडदा धरून उभी राहतात आणि पडद्यावरून आधी तिची वेणी प्रेक्षकांच्या बाजूला सोडली जाते. लांबलचक, दागिन्यांनी मढवलेली, सूर्य-चंद्र आणि नाग लेवून आलेली ती वेणी म्हणजे आव्हान असते : माझ्याहून सरस कोणी असेल त्याने पुढे यावे आणि हरलो तर ही वेणी कापावी. बाजूला मशाली धरलेल्या असतात, त्यांवर राळ उधळली की क्षणभर मोठा भडका उडतो आणि त्या उजेडात पात्र दिसते. हे सर्व करणारा पुरुष असतो, आणि तो कोणत्या घराण्यातला आहे हे समोर बसलेल्या गावकऱ्यांना पुरते ठाऊक असते. वेणी एका नटाची सुटलेली असली तरी पणाला घराणे लागलेले असते.

कावेरीकाठची_सून

मंजिरीताईंनी नारायण तीर्थांचे नाव घेतले म्हणून तंजावरकडे वळते, कारण ते तिथल्याच वरगूरला राहिले असे मानतात. माझे सासर त्या भागातले आहे. मेलट्टूर या गावात नरसिंह जयंतीला आजही भागवतमेळा, म्हणजे देवळापुढचा नृत्यनाट्यांचा उत्सव, होतो. नट ब्राह्मण पुरुष, गाव तमिळ मुलखातले आणि नाटके मात्र तेलुगूत. नायक राजा अच्युतप्पा याने 510 ब्राह्मण कुटुंबांना तिथे घरे आणि जमिनी दिल्या, म्हणून गावाला अच्युतपुरम असेही नाव पडले. पुढे तंजावरला भोसल्यांचे राज्य आले, त्यांनीही तेलुगूला दरबारी भाषेचा मान दिला. तंजावरच्या शहाजीराजांनी (शिवाजी महाराजांचे वडील नव्हेत) स्वतः तेलुगूत रचना केल्या. विजयनगर पडल्यावर कुचिपुडीची काही कुटुंबे दक्षिणेकडे गेली आणि त्यांचेच वंशज मेलट्टूरला आहेत, असे अनेक पुस्तकांत लिहिलेले असते.

कृष्णाकाठ

इथे मात्र मी जुनीवहींच्या पक्षात जातो. 1565 च्या राक्षसतागडीच्या लढाईनंतर तेलुगू ब्राह्मण दक्षिणेत गेले यात शंका नाही. ते नेमके कुचिपुडीचेच होते, हे साम्यावरून काढलेले अनुमान आहे. ‘भागवत’ मंडळी तेव्हा सबंध दक्षिणेत होती. आपल्याकडे 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले त्यामागेही कर्नाटकातील भागवत मंडळींचा खेळ होता. म्हणून काही सांगलीचे मूळ कुचिपुडीत शोधायचे नसते.

बोरूबहाद्दर

कृपया ही कल्पना सांगलीकरांच्या कानावर घालू नये. उद्याच तिथे स्वागत-कमान उभी राहील.

डेल्टा_अभियंता

मी पाटबंधाऱ्यांच्या कामानिमित्त त्या भागात राहिलेलो आहे, म्हणून गावाच्या दुसऱ्या बाजूविषयी लिहितो. मूळ लेखकाने विचारलेले शेतकरी तिथेच सापडतील.

कृष्णेच्या मुखाजवळचा हा मुलूख एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दुष्काळ आणि पूर यांच्या कचाट्यात होता. बेझवाड्याचा (आजच्या विजयवाड्याचा) बंधारा 1855 च्या सुमारास पुरा झाला, कालवे निघाले आणि दोन-तीन पिढ्यांत कोरडवाहू जमीन भाताची झाली. पुढे 1957 मध्ये त्या जागी प्रकाशम बराज आला. पाणी आले तशी शेतकरी जातींच्या हाती संपत्ती आली. शाळा, सहकारी संस्था, चित्रपट आणि राजकारण या सर्वांत कृष्णा जिल्हा पुढे गेला, त्याचे मूळ या कालव्यांत आहे. फिरत्या भागवतांना बिदागी देणारी गावेही पुढे हीच झाली. म्हणजे ज्यांची नावे कुचिपुडीच्या इतिहासात येत नाहीत, त्यांच्याच धान्यावर तो इतिहास चालला.

समुद्राचे भयही तितकेच आहे. 1864 च्या वादळाने मछलीपट्टणममध्ये सुमारे तीस हजार माणसे दगावली आणि 19 नोव्हेंबर 1977 च्या वादळाने शेजारची दिविसीमा धुऊन नेली. त्या भागातील वयस्क माणसे आजही वय सांगताना ‘उप्पेनाच्या आधी’ किंवा ‘नंतर’ असे म्हणतात. उप्पेना म्हणजे ते समुद्राचे पाणी.

सातवाहन_वाचक

अभियंता साहेब, मला नेमके हेच हवे होते. आता विसाव्या शतकाकडे यावे. एका जिल्ह्यातील फिरती मंडळी साऱ्या देशाला माहीत कशी झाली?

जुनीवही

विसाव्या शतकाच्या आरंभी गावात तीन नावे ठळक होती : वेदान्तम लक्ष्मीनारायण शास्त्री, वेंपटी वेंकटनारायण आणि चिंता वेंकटरामय्या. चिंतांनी मंडळी काढून रात्र-रात्र चालणारी यक्षगाने (गाण्या-नाचाची नाटके) बसवली. लक्ष्मीनारायण शास्त्रींनी एकट्याने करायचा अभिनय घासून-पुसून उभा केला आणि गावाबाहेरच्या स्त्रियांना शिकवण्याची वाट मोकळी केली, जिचा आज सर्वांना विसर पडतो.

मग चित्रपट आला. मद्रासला गेलेल्या कुचिपुडीकरांची यादी पाहिली की आश्चर्य वाटते. वेदान्तम राघवय्या यांनी 1953 चा तेलुगू ‘देवदासु’ दिग्दर्शित केला, पसुमर्ती कृष्णमूर्ती यांनी 1957 च्या ‘मायाबझार’ची नृत्ये बसवली, वेंपटी पेद्द सत्यम यांनी कित्येक चित्रपटांचे नृत्यदिग्दर्शन केले. वेंपटी चिन्न सत्यम यांनीही मद्रासचाच रस्ता धरला, पण 1963 मध्ये त्यांनी तिथे कुचिपुडी आर्ट अकॅडमी काढली आणि गावातील पुरुषांची कला शहरातील मुलींच्या हाती दिली. हेमामालिनी आणि शोभा नायडू त्यांच्याच शिष्या.

मंजिरी_नृत्य

आणि गावात राहिलेले वेदान्तम सत्यनारायण शर्मा विसरू नका. त्यांची सत्यभामा आणि उषा पाहिलेले लोक आजही त्यांच्या चालण्याविषयी बोलतात. त्यांना 1970 मध्ये पद्मश्री मिळाली. चिन्न सत्यम आणि शर्मा दोघेही 2012 मध्येच गेले. एकाने गाव सोडून कला वाढवली आणि दुसऱ्याने साडी नेसून गावाची जुनी रीत शेवटपर्यंत निभावली. मी पहिल्याच्या परंपरेत शिकले, पण दुसऱ्याचे चित्रीकरण पाहिले की आपल्या हातून काहीतरी निसटले आहे असे वाटते.

कृष्णाकाठ

यात राज्याचा हातही मोठा आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला आंध्र प्रदेश झाले आणि नव्या राज्याला स्वतःचे शास्त्रीय नृत्य हवे होते. 1958 मध्ये दिल्लीत संगीत नाटक अकादमीचा नृत्यविषयक परिसंवाद झाला. तिथे कुचिपुडीला भरतनाट्यमची एक शाखा समजण्याचा सूर निघाला आणि तेलुगू मंडळी दुखावली. लगेच 1959 मध्ये हैदराबादेत खास कुचिपुडीवर परिसंवाद भरवून, प्रात्यक्षिके दाखवून स्वतंत्र स्थानाचा आग्रह धरला गेला. बंदा कनकलिंगेश्वर राव यांच्यासारख्या गावाबाहेरच्या कार्यकर्त्यांनी त्या सुमारास गावात सिद्धेंद्र कलाक्षेत्र उभे केले. ते पुढे तेलुगू विद्यापीठाकडे गेले. घराण्यांचा प्राचीन इतिहास जोरकसपणे सांगण्याची गरज नेमकी तेव्हा निर्माण झाली. माचुपल्ली आणि तानाशाह एकाच माळेत ओवले गेले ते याच वादाच्या गरजेपोटी.

रेवती_गोदावरी

सगळे वाचत होते. एक गोष्ट कोणीच लिहीत नाही म्हणून लिहिते. गोदावरी आणि कृष्णेच्या खोऱ्यात कलावंतुलु स्त्रियाही, म्हणजे वंशपरंपरेने नृत्य करणाऱ्या देवदासीही, भामाकलापम करीत असत. मंडपेट, मुरमंड अशा गावांतून त्यांची नावाजलेली परंपरा होती. 1947 च्या मद्रास देवदासी कायद्याने देवळातील नृत्य बंद झाले आणि त्या स्त्रियांवर कायमचा शिक्का बसला. त्याच सुमारास ब्राह्मण पुरुषांचे तेच कथानक ‘शास्त्रीय’ ठरत गेले. नटराज रामकृष्ण यांनी अशा वृद्ध स्त्रियांकडून शिकून ‘आंध्र नाट्यम’ नावाने ती परंपरा पुन्हा उभी केली नसती, तर तीही गेलीच होती. मूळ लेखकाने गावातील शेतकऱ्यांविषयी विचारले ते योग्यच आहे, परंतु कागदाबाहेर राहिलेल्यांत या स्त्रियांचा क्रमांक आधी लागतो.

मंजिरी_नृत्य

रेवतीताई, हे मला कोणत्याही वर्गात शिकवले गेले नाही. आम्हाला ‘ही कला पुरुषांनी जपली’ एवढेच सांगितले जाते.

रेवती_गोदावरी

पुरुषांनी जपली हेही खोटे नाही. पण त्याच घराण्यांतील मुली आणि सुना कित्येक पिढ्या रंगमंचावर आल्या नाहीत. बापाकडून, भावाकडून पाठ कानावर पडत होते, तोंडपाठही होत असणार; पायांत घुंगरू मात्र बाहेरगावच्या मुलींच्या बांधले गेले.

सोलापुरी_पैठणी

आमच्या घरी तेलुगूच बोलतात, पण आम्ही पूर्वापार विणकर. आजोबा म्हणत की भागवतांचा खेळ गावात आला की मागावरचे कामही लवकर आटोपत असे. आडनावे कोणाचीही असोत, पाहणारे कोण होते हे त्यावरून कळते. शशिरेखेच्या (आपल्याकडच्या वत्सलेच्या) लग्नाची गोष्ट आमच्या आजीला पूर्ण येत असे आणि तिला अक्षरओळख नव्हती.

डेल्टा_अभियंता

आजचे गाव पाहायचे असल्यास थोडी माहिती. रामलिंगेश्वर आणि बालात्रिपुरसुंदरीचे देऊळ गावातच आहे. विद्यापीठाचे कलापीठ सकाळी पाहावे, कारण मुले तेव्हा अभ्यास करीत असतात. पितळी ताटाच्या काठावर पायांची बोटे घट्ट रोवून तरंगम करणारी मुलगी जवळून पाहिली की टाचा आणि घोटे किती काम करतात ते समजते. अमेरिकेतील ‘सिलिकॉनआंध्र’ या तेलुगू मंडळींच्या संस्थेने गाव दत्तक घेतले आहे आणि तिथे रुग्णालयही उभे राहिले आहे. शेजारी मोव्व गाव आहे, ज्याच्या वेणुगोपाळाला क्षेत्रय्याने आपल्या पदांत ‘मुव्वगोपाल’ म्हणून हाक घातली. थोडे पुढे घंटसालला बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत.

सातवाहन_वाचक

सर्वांचे आभार मानून माझ्या प्रश्नापुरते मला जे हाती लागले ते नोंदवतो. 1763 पासूनची आडनावे पक्की. त्याआधीचे सर्व परंपरा म्हणून वाचायचे आणि त्याचे साल सांगताना जपून सांगायचे. गावाची ओळख घराण्यांच्या हाती गेली ती जमिनीच्या हक्काने आणि पुढे राज्याच्या गरजेने. आता कलावंतुलु स्त्रियांविषयी वेगळा धागा काढावा असे वाटते. रेवतीताई, आपण आरंभ केलात तर बरे होईल.

रेवती_गोदावरी

काढते. पण जुनीवहींनी तिथेही सालांची तपासणी करायला यावे, एवढी अट.

जुनीवही

येतो. मुरमंडपासून सुरुवात करा.